जहाज इथे, विमान तिथे, मध्ये डोंगर

अलास्काचा नकाशा उघडला की अँकरेज शहर समुद्राला चिकटलेले दिसते. तिथे बंदर आहे, मालवाहू जहाजे येतात, आणि राज्यातला सगळ्यात मोठा विमानतळही पाण्याच्या कडेलाच आहे. म्हणजे व्हँकुव्हरहून पर्यटकांना घेऊन निघालेल्या जहाजाने सरळ अँकरेजला लागावे, माणसांनी उतरून टॅक्सी करावी आणि विमान धरावे. इतके सोपे असायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक मोठी जहाजे माणसे उतरवतात ती शंभर-दोनशे किलोमीटर अलीकडे, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, कधी सुअर्डला, कधी व्हिटियरला. आमचे जहाज व्हिटियरला लागणार होते. सहलीच्या माहितीपुस्तकात हिमनद्या, देवमासे आणि जहाजावरची जेवणे यांना रंगीत पाने होती. शेवटच्या टप्प्याला एक ओळ : ‘व्हिटियर ते अँकरेज विमानतळ, ट्रान्सफर’. छापणाऱ्याने नेमके उलटे करायला हवे होते, असे माझे मत आहे.

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, ही ओळ रत्नागिरीतच खुपली होती. ते कोकण रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि एखादी गोष्ट जिथे आहे तिथे का आहे, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. “अरे, शहर जर समुद्रावर आहे, तर जहाज डोंगरामागे कशाला थांबवतात?” हा प्रश्न त्यांनी आधी मला विचारला आणि मग जहाजावर गणवेशात दिसेल त्या प्रत्येकाला. सगळ्यांनी हसून सांगितले, की आमची जहाजे तिथेच थांबतात. रेल्वेतल्या माणसाला हे उत्तर पाठ असते. त्यांनी स्वतःच ते आयुष्यभर प्रवाशांना दिलेले असते.

उत्तराचा पहिला तुकडा कायद्यात सापडला. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी निशाण लावलेल्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात चढवलेला माणूस अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवून मोकळे होता येत नाही. पर्यटकांची ही महाकाय जहाजे बहुतेक बहामा, बर्म्युडा, पनामा असल्या ठिकाणी नोंदलेली. म्हणून मग सफर कॅनडात सुरू करायची आणि अलास्कात संपवायची, नाहीतर उलट. आपल्यासारख्यांना त्यापायी कॅनडाचा व्हिसा निराळा आणि अमेरिकेचा निराळा. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की असे जहाज चढवले तिथे परत आणत नाही. परमुलखात सोडून देते आणि त्याच दिवशी नवी माणसे भरून उलट पावली निघते. तेव्हा उतरलेल्या प्रत्येकाला विमान गाठावेच लागते, आणि विमान अँकरेजला.

व्हिटियरला जहाज लागले तेव्हा पहाट होती आणि खिडकीत नुसता ढग. सामान आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायचे असते. ते रात्रीतून नाहीसे होते आणि थेट धक्क्यावरच्या शेडमध्ये, रंगीत चिठ्ठ्यांच्या रांगांत भेटते. आम्ही उतरलो तो पाऊस चालू. रत्नागिरीच्या माणसाला पावसाचे कौतुक सांगू नये, पण इथला पाऊस वेगळ्या स्वभावाचा आहे. तो कोसळत नाही, गर्जत नाही. बारीक, बर्फासारखा गार, अंगाला चिकटून राहतो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाणी या गावावर पडते, वर हिवाळ्यात सहा-सात मीटर बर्फ. ढग जरा उचलला तेव्हा कळले, की आपण एका अरुंद खाडीच्या अगदी टोकाला उभे आहोत. तिन्ही बाजूंना सरळ उठलेले डोंगर, त्यांच्या खांद्यांवरून लोंबणारी निळसर हिमनदी, पलीकडच्या कड्यावर धबधबे आणि त्यांच्या आजूबाजूला समुद्रपक्ष्यांचा अखंड कलकलाट. रस्ता जाईल अशी फट कुठेच नव्हती.

“गाव कुठे आहे?” ताईने विचारले.

आमची बस चालवणारी बाई साठीच्या पुढची होती, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिने एका उंच, फिकट रंगाच्या इमारतीकडे बोट केले.

“ते गावातले काय आहे?” ताईने पुन्हा विचारले.

“ते गाव आहे,” बाई म्हणाली.

ती गंमत करत नव्हती. २०२० च्या जनगणनेत व्हिटियरची वस्ती २७२ भरली, आणि तिच्यातले बहुतेक लोक त्या चौदा मजली बेगिच टॉवर्समध्ये राहतात. टपाल कचेरी त्याच इमारतीत, किराणा दुकान तिथेच, दवाखाना तिथेच, कपडे धुण्याची यंत्रे तिथेच आणि तळघरात चर्चसुद्धा. शाळा मागच्या बाजूला वेगळी आहे, पण इमारतीपासून शाळेपर्यंत जमिनीखालून वाट आहे, म्हणजे हिमवादळात पोरांना बाहेर पाऊल टाकावे लागत नाही. ताईचे सगळे लग्नानंतरचे आयुष्य रेल्वे कॉलनीत गेले. ती त्या इमारतीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “भांडण झाले तर जायचे कुठे?” अलास्काबद्दल इतका नेमका प्रश्न मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही. आणि या पावणेतीनशे माणसांच्या दारात आमचे जहाज त्या सकाळी त्यांच्या दसपट माणसे उतरवत होते.

अशा ठिकाणी गाव वसवायचे कोणाच्या डोक्यात आले? लष्कराच्या. जून १९४२ मध्ये जपानी विमानांनी अलास्काच्या डच हार्बरवर बाँब टाकले आणि जपानी फौजा अ‍ॅल्यूशियन बेटांच्या साखळीतल्या अट्टू आणि किस्का या बेटांवर उतरल्या. हा धोका लष्कराने आधीच ओळखला होता. अलास्काच्या पोटातल्या तळांना दारूगोळा पोचवायचा तर बारा महिने न गोठणारे बंदर हवे आणि तिथून रेल्वे हवी. सुअर्डहून लोहमार्ग होता, पण तो लांबचा, चढणींचा, वळणावळणांचा. व्हिटियरची खाडी खोल, न गोठणारी, आणि वर जवळजवळ कायमचा ढग. शत्रूच्या वैमानिकाला खाली काय आहे ते दिसू नये, एवढ्यासाठी निसर्गाने पांघरूण घालून ठेवलेले. आज पर्यटक ज्या ढगाला नावे ठेवतात, त्याच्यामुळे हे बंदर निवडले गेले. अडचण एकच होती, मेनार्ड नावाचा डोंगर. लष्कराचे अभियंते अँटन अँडरसन यांच्या देखरेखीखाली तो दोन्ही बाजूंनी पोखरायला घेतला आणि २० नोव्हेंबर १९४२ रोजी दोन्ही टोके आत एकमेकांना भेटली. पुढच्या वर्षी गाड्या सुरू झाल्या. अँडरसन मूळचे न्यूझीलंडचे. पुढे ते अँकरेजचे महापौरही झाले. बोगद्याला आता त्यांचेच नाव आहे.

लष्कराचा मुक्काम युद्धानंतरही हलला नाही, कारण जपान गेला तरी रशिया शेजारी होताच. हवामान असे, की माणसे विखरून ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून दोन प्रचंड इमारती उठवल्या. एक आताचे बेगिच टॉवर्स, १९५७ सालचे. दुसरी बकनर बिल्डिंग, १९५३ सालची, एके काळी अलास्कातली सगळ्यात मोठी इमारत. सैनिकांची निवासस्थाने, चित्रपटगृह, बोलिंगच्या मार्गिका, तुरुंग, सगळे एका छताखाली. १९६० मध्ये लष्कर निघून गेले. बकनर अजून उभी आहे. गावाच्या वरच्या अंगाला, काचा नसलेल्या शेकडो खिडक्या, आत पाणी, भिंतींत अ‍ॅस्बेस्टॉस. पाडायलाही परवडत नाही म्हणून टिकलेली. बसमधून ती दिसली तेव्हा मागच्या आसनावरचे कुणीतरी हळूच ‘भुताची’ म्हणाले. मला ती भुताची वाटली नाही, सरकारी वाटली.

मधे १९६४ आले. २७ मार्चच्या संध्याकाळी अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. चार-साडेचार मिनिटे जमीन हलत होती. खाडीच्या टोकाला असलेल्या व्हिटियरवर लाटा चढल्या, तेलाच्या टाक्या पेटल्या. गावात तेव्हा शंभरसुद्धा माणसे नव्हती. त्यांतली तेरा गेली. उंच इमारत मात्र उभी राहिली.

आता बोगदा.

तो सत्तावन्न वर्षे निव्वळ रेल्वेचा होता. मोटार घेऊन व्हिटियरला जायचे तर ती मालगाडीच्या सपाट वाघिणीवर चढवायची, आपण मोटारीत तसेच बसून राहायचे आणि गाडीने डोंगर ओलांडून द्यायचा. हे ऐकताच भाऊजी बसमध्ये उठून उभे राहिले. “अरे, ही तर आपली रोरो!” कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाडहून ट्रक वाघिणींवर चढवून गोव्याकडे न्यायला सुरुवात केली, त्या काळात हे नोकरीत होते. इकडे कोकणात ट्रक रेल्वेवर चढले आणि दीड वर्षाच्या आतच तिकडे मोटारी रेल्वेवरून उतरल्या. ७ जून २००० पासून व्हिटियरच्या बोगद्यातून मोटारी स्वतःच्या चाकांवर जातात. बोगदा मात्र तोच, एकपदरी. रुंद केला नाही, शेजारी दुसरा खणला नाही. रुळांच्या मधे आणि दोन्ही कडांना काँक्रीटच्या लाद्या बसवून रूळ जमिनीच्या पातळीत बुडवले, झाले. चार किलोमीटर लांबीच्या त्या एकाच नळीतून आगगाडी जाते, तिकडून येणाऱ्या मोटारी येतात आणि इकडून जाणाऱ्या मोटारी जातात. अर्थात एका वेळी एकच.

त्यामुळे व्हिटियरमध्ये घड्याळाला भारी मान आहे. गावातून बाहेर पडणाऱ्यांसाठी बोगदा तासाच्या ठोक्याला उघडतो, आत येणाऱ्यांसाठी अर्ध्या तासाला, आणि दर खेपेला जेमतेम पंधरा मिनिटे. मधे आगगाडीची वेळ आली तर सगळेच थांबतात. रात्री बोगदा बंद. अँकरेजला नाटक-सिनेमा पाहायला गेलेला गावकरी उशीर करून आला तर घर चार किलोमीटरवर असून रात्र मोटारीत काढायची. आमच्या बाईने सांगितले, की इथे पाहुण्याला ‘कधी आलात?’ असे विचारण्याआधी ‘कितीची खेप मिळाली?’ असे विचारतात. आणि जहाजाच्या दिवशी, विमानाची वेळ, जहाजाची वेळ, बसची वेळ या सगळ्या वेळा शेवटी त्या एका दाराला शरण जातात. विमान चुकेल म्हणून दार लवकर उघडत नाही.

आम्ही आखलेल्या मार्गिकांत उभे राहिलो. बसेस एका रांगेत, मोटारी दुसऱ्या, मागे नावा ओढणारे ट्रक निराळे. मोटारसायकलवाल्यांना ओल्या रुळांबद्दल वेगळी ताकीद. पायी किंवा सायकलने आत जायला बंदी. समोर डोंगराच्या पायथ्याशी बोगद्याचे तोंड, त्यावर उतरत्या छपराची टोकदार इमारत. वरून हिमकडा कोसळला तर तो दोन्ही अंगांनी घसरून जावा म्हणून तसा आकार. वर पंखे. आतली हवा दर खेपेनंतर बदलावी लागते, नाहीतर धुराने माणसे गुदमरतील. त्यासाठी जेट पंखे लावले आहेत, आणि ही सगळी यंत्रणा उणे चाळीस अंश थंडी आणि ताशी दोनशे चाळीस किलोमीटर वारा गृहीत धरून उभारलेली आहे. (उणे चाळीस सेल्सियस की फॅरनहाइट, असे ताईने विचारले. त्या एका आकड्याला दोन्ही मापे सारखीच असतात, हे सांगण्याचे समाधान मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाले.)

आधी आगगाडी गेली. आमच्याच जहाजावरची माणसे, निळ्या-पिवळ्या डब्यांच्या मोठमोठ्या खिडक्यांतून आमच्याकडे हात हलवत डोंगरात शिरली. भाऊजींनी हात हलवला नाही. ते डबे मोजत होते. बोगद्याची हवा साफ होईपर्यंत पुन्हा थांबणे. मग हिरवा दिवा, आणि एकेक वाहन ठरावीक अंतर सोडून आत.

भाऊजी पुढच्या आसनावर जाऊन बसले होते. समोरच्या काचेतून ओले रूळ सरळ आमच्या पोटाखाली येत होते. बस त्या रुळांवर, रुळांच्या अंगणात, ताशी चाळीसच्या आत चालली होती. दोन्ही बाजूंना खडक, काही ठिकाणी उघडा, पाझरणारा, हाताला लागेल इतका जवळ. मधूनमधून भिंतीत दारे. अपघात झाला, आग लागली, तर आसरा घ्यायच्या खोल्या. बसमधले सगळे गप्प. रुळांवरून मोटारीने जाणे हे आपल्या मनाला कुठेतरी पटतच नाही. लहानपणापासून रूळ ओलांडताना दोन्ही बाजूंना बघायला शिकवलेली माणसे आम्ही; इथे रूळ ओलांडायचे नव्हते, त्यांच्यावरूनच डोंगराच्या पोटात जायचे होते.

“अहो,” ताई दबक्या आवाजात म्हणाली, “समोरून गाडी आली तर?”

“येणार नाही,” भाऊजी म्हणाले. “सिग्नल आहे.”

त्या दोन शब्दांत त्यांच्या अख्ख्या नोकरीचा सारांश होता. नंतर त्यांनी मला समजावले. एकेरी मार्गावर एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, या एका नियमावर जगातली रेल्वे चालते. कोकण रेल्वेवरचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा याहून लांब, पण तिथेही तेच. “इथे शहाणपण एवढेच, की त्यांनी मोटारींच्या जथ्यालाही एक गाडीच मानले. बाकी नवे काही नाही.” बाकी नवे काही नाही, हे त्यांच्याकडून मिळणारे सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे.

सहा-सात मिनिटांनी उजेड दिसला. पलीकडे ढग नव्हता! डोंगराच्या एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला ऊन, हे सह्याद्रीच्या माणसाला नवे नाही, पण चार किलोमीटरांत ऋतू बदललेला पाहून बसमधल्या सगळ्यांनी चष्मे काढून पुसले. समोर आत जाणाऱ्यांची रांग उभी होती. टोल त्यांनाच पडतो. व्हिटियरकडे जायला पैसे, व्हिटियरहून निघायला फुकट. अभिमन्यूला हा व्यूह मिळाला असता तर महाभारत वेगळे झाले असते.

पुढे आणखी एक लहानसा बोगदा आणि मग पोर्टेज तलाव. त्याच्या काठावर हिमनदी पाहण्यासाठी बांधलेले एक केंद्र आहे, १९८६ साली उघडलेले. मोठ्या काचा, समोर तलाव. हिमनदी मात्र तिथून दिसत नाही. ती इतकी मागे सरली आहे, की तलावाचे वळण ओलांडून होडीने जावे लागते. केंद्र जिथल्या तिथे आहे, दृश्य निघून गेले.

त्या केंद्राला बेगिच आणि बॉग्ज अशी दोन नावे आहेत. निक बेगिच हे अलास्काचे खासदार. व्हिटियरच्या इमारतीचे नाव त्यांच्यावरूनच. हेल बॉग्ज हे लुइझियानाचे, प्रतिनिधिगृहातल्या बहुमतवाल्या पक्षाचे नेते. ऑक्टोबर १९७२ मध्ये दोघे एका लहान विमानाने अँकरेजहून जूनोला निघाले आणि नाहीसे झाले. अनेक आठवडे शोध चालला. विमान सापडले नाही, आजतागायत नाही. नोव्हेंबरातल्या निवडणुकीत बेगिच बेपत्ता असतानाच निवडून आले. बसमध्ये बसून ही हकिकत ऐकताना लक्षात आले, की आम्ही ज्या डोंगरांच्या खालून आलो, त्याच डोंगरांकडे ते विमान निघाले होते. वरून जाणे इथे खालून जाण्यापेक्षा सोपे आहे, असे समजायचे कारण नाही.

खोरे संपते तिथे टर्नअगेन आर्म नावाचा समुद्राचा लांब फाटा सुरू होतो, आणि तिथे, जिथे एके काळी पोर्टेज नावाचे गाव होते, तिथे झाडे उभी आहेत. करडी, साल नसलेली, फांद्या झडलेली. १९६४ च्या भूकंपात इथली जमीन दोन मीटरांहून अधिक खचली, खारे पाणी मुळांत शिरले, झाडे मेली. त्याच मिठाने त्यांना कुजू दिले नाही. साठ वर्षे होऊन गेली, मेलेले रान उभेच आहे. गाव मात्र उठले ते परत वसले नाही.

आणि इथेच भाऊजींच्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. ओहोटी होती. नकाशात जिथे निळा रंग होता, तिथे क्षितिजापर्यंत चिखल. साधा चिखल नव्हे. हिमनद्यांनी दळून आणलेले दगडाचे पीठ, वरून घट्ट दिसते आणि पाय टाकला तर सोडत नाही. रस्त्याच्या कडेला जागोजागी पाट्या : खाली उतरू नका. बाईने गाडी सज्जावर थांबवली. इथे भरती-ओहोटीतला फरक नऊ-दहा मीटरांचा, कधी त्याहूनही अधिक. ओहोटी खूप खाली गेली, की परतीची भरती कधीकधी एका सलग लाटेच्या रूपात, भिंतीसारखी फाट्यात शिरते, आणि रबरी पोशाख घातलेले वेडे तरुण तिच्यावर फळ्या टाकून मैलन्‌मैल वाहत जातात. १७७८ मध्ये कॅप्टन कुक उत्तरेकडून अटलांटिकला जाणारी वाट शोधत इथवर आला होता, आणि त्याच्याबरोबर तो ब्लाय, ज्याच्याविरुद्ध पुढे बाउंटी जहाजावर बंड झाले. याच पाण्यात त्यांची गलबते अडखळली. वाट नव्हती.

“आपल्या मांडवीला भरतीचा सगळा खेळ दोन-तीन मीटरांत,” भाऊजी म्हणाले. ते कठड्याला टेकून चिखलाकडे अत्यंत समाधानाने पाहत होते. हा फाटा ज्या खाडीतून फुटतो, तिच्या वरच्या टोकाला अँकरेज आहे. तिथे जायचे तर जहाजाला सबंध केनाई द्वीपकल्पाला वळसा घालावा लागतो, मग या गाळातून, या भरती-ओहोटीतून वर चढावे लागते. बंदरातला गाळ सारखा उपसावा लागतो, हिवाळ्यात बर्फ तरंगते. तुरळक पर्यटक-जहाजे तरीही जातात. पण ज्याला दिवसाउजेडी उतरवून संध्याकाळी परत निघायचे आहे, त्याने खोल खाडी धरायची आणि डोंगराचा प्रश्न रेल्वेवर सोपवायचा. “बरोबर आहे,” भाऊजी म्हणाले. “मीसुद्धा तिथेच थांबवले असते.”

त्यानंतरचा रस्ता सुंदर आहे एवढेच म्हणतो, कारण सुंदर रस्त्यांची वर्णने मला वाचवत नाहीत. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला कडे, रस्ता आणि रूळ एकमेकांना चिकटून. पांढऱ्या बेलुगा देवमाशांसाठी प्रसिद्ध असलेल्या टोकावर आम्ही थांबलो, दिसले नाहीत. या खाडीतले बेलुगा आता जेमतेम तीनशेच्या आसपास उरले आहेत, तेव्हा ते दिसले नाहीत म्हणून रुसण्यात अर्थ नव्हता. कड्यावर पांढरी रानमेंढरे मात्र होती, उभ्या खडकावर निवांत रवंथ करत.

अँकरेजचा विमानतळ सिनेटर टेड स्टीव्हन्स यांच्या नावाचा आहे. या नावालाही अपघाताची किनार आहे. १९७८ मध्ये याच विमानतळावर उतरताना त्यांचे लहान विमान कोसळले; ते वाचले, पत्नी गेली. २०१० मध्ये ते दुसऱ्या विमान अपघातात गेले. तोवर विमानतळाला त्यांचे नाव देऊन दहा वर्षे झाली होती. अलास्कात रस्ते थोडे आणि माणसे उडतात जास्त. विमान अपघात इथे घराघरातल्या गोष्टींत येतो, आपल्याकडे एसटीचा येतो तसा.

विमानतळाच्या दारातच रेल्वेचे स्थानक आहे. देखणे, काचेचे, बिल शेफील्ड या माजी राज्यपालांच्या नावाचे. सकाळी आमच्या पुढून डोंगरात शिरलेली गाडी इथेच आली होती. जहाजाच्या शिडीपासून विमानतळाच्या दारापर्यंत एकच गाडी, असा प्रकार जगात फार ठिकाणी नसेल. भाऊजींनी फलाटावरच्या माणसाला विचारले, इथून शहरात जायला पुढची गाडी किती वाजता? त्याने सांगितले, की शहरासाठी गाडी नाही. हे स्थानक मुख्यतः जहाजाच्या प्रवाशांच्या खास गाड्यांसाठी चालते; एरवी कुलूप. ज्या शहराचा जन्मच १९१५ मध्ये रेल्वे बांधणाऱ्यांच्या तंबूंतून झाला, त्या शहरातल्या माणसाला विमानतळावर रेल्वेने येता येत नाही. भाऊजींना हे कोणत्याही कायद्याने, भरती-ओहोटीने किंवा युद्धाने समजावता आले नाही. मलाही नाही.

दक्षिणेकडची विमाने इथून बरीचशी रात्री उशिरा सुटतात आणि जहाज माणसाला सकाळीच हाकलते. मधला दिवस कुठेतरी घालवायचा असतो. आम्ही विमानतळाला लागून असलेल्या हूड तलावावर गेलो. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा हा जगातला सगळ्यात गजबजलेला तळ. काठावर घाटाला होड्या बांधाव्यात तशी विमाने बांधलेली, शेकडो, आणि प्रत्येकापुढे एक खोपटे, खोपट्याबाहेर कुंड्या, गळ, रबरी बूट. एक आजोबा फडक्याने पंखावरचे पाणी पुसत होते. दुसऱ्या एका विमानात एक कुटुंब किराणा भरत होते; दुधाचे कॅन, बटाट्यांची पोती, कुत्रा. ताईने विचारले तर म्हणाले, घरी चाललोय. रस्ता नाही, म्हणून विमान. मोठ्या विमानतळावर आशियातून येणारी मालवाहू अजस्र विमाने इंधनासाठी उतरत होती आणि त्यांच्या पायाशी ही खटारा विमाने बटाटे घेऊन उडत होती.

रात्री सामान द्यायला रांगेत उभे राहिलो तेव्हा बाहेर अजून उजेड होता. आमच्या पुढच्या प्रत्येकाकडे बॅगेऐवजी पुठ्ठ्याची जाड खोकी, चिकटपट्टीने गुंडाळलेली, वर काळ्या शाईने गावाचे नाव. आत मासे. उन्हाळ्यात माणसे अलास्काला येतात, सामन आणि हॅलिबट पकडतात, गोठवतात आणि विमानाने घरी नेतात. विमानतळाच्या सामानगृहात त्यासाठी शीतखोली आहे. छत्री ठेवावी तसा मासा ठेवायचा, पावती घ्यायची. ताई अवाक. “सुरमई कुणी विमानात टाकायची म्हटले तर आपल्याकडे अख्खे विमान खाली उतरेल.”

भाऊजी तोवर शीतखोलीच्या खिडकीशी पोचले होते. आतल्या पोराला त्यांनी तापमान विचारले, खोकी किती राहतात ते विचारले, पावतीचा नंबर चुकला तर काय करता ते विचारले. त्याने सगळ्याची उत्तरे दिली. मग त्यांनी विचारले, वीज गेली तर?

तो पोरगा विचारात पडला. साहेबांना विचारून येतो म्हणाला.

“अहो, चला,” ताई म्हणाली. “आपल्याकडे मासे नाहीत.”